अंगण खरोखरच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण बहुतेक मराठी घरांत मुले बोलायला लागली की वापरात येते. पेपर अवघड गेला तर पेन वाईट, त्रिफळा उडाला तर बॅट वाईट, असे मूल सांगू लागले की आईबाप ही म्हण काढतात आणि विषय संपतो. २०२५ च्या सप्टेंबरात मी ती आमच्या चिरंजिवांना ऐकवली आणि तीन आठवड्यांनी मला ती मुकाट्याने मागे घ्यावी लागली. त्याची ही हकिगत आहे. तिच्या निमित्ताने संगणकाच्या माउसचा, आणि हात व डोळा यांच्यामध्ये शिरणाऱ्या विलंबाचा, थोडा इतिहास चाळला. तोही वाचकांपुढे ठेवतो.

प्रकरण साधेच होते. सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चिरंजिवांच्या संगणकाचा पडदा एके दिवशी बंद पडला. नवा घेईपर्यंत आम्ही संगणक हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडून दिला. मुलगा खूश. शाळेतल्या पाच मित्रांची त्यांची एक टीम आहे आणि दर शुक्रवारी संध्याकाळी ती नेटवरून नेमबाजीचा एक गेम खेळते. दुसऱ्याच शुक्रवारी तो म्हणाला, “बाबा, माउस जड झालाय. मी हात फिरवतो आणि तो मागून येतो.”

त्याच सुमारास जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात इंटरनेटच्या केबल तुटल्या होत्या आणि कुवेतपासून भारतापर्यंत नेट मंदावल्याच्या बातम्या येत होत्या. मी लगेच निदान केले: “केबल तुटली आहे रे. होईल दुरुस्त.” पुढे आमचे नेट पूर्ववत झाले, पण तक्रार गेली नाही. टीमच्या कप्तानाने शुक्रवारी त्याला बाहेर बसवले आणि तो माझ्याकडे रडवेला होऊन आला. मी तेव्हा ऑफिसचे काहीतरी करीत होतो. मान वर न करता मी वरची म्हण ऐकवली. तो काही बोलला नाही. माउसची तार गुंडाळतात तसे हात पोटाशी गुंडाळून आपल्या खोलीत गेला आणि चार दिवस त्याने संगणकाला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी सौ. म्हणाली, “अहो, तुमची पीएच.डी. नक्की कशात आहे?”

आता लाजेने सांगतो, वाचकहो. माझ्या प्रबंधाचा विषय होता नियंत्रण प्रणालीतला विलंब. यंत्राला दिलेली आज्ञा आणि तिचा दिसणारा परिणाम यांच्यात वेळ गेला तर ती प्रणाली कशी डगमगते, यावर मी पवईला पाच वर्षे घालवली आहेत. आणि माझाच मुलगा मला ‘मी हात फिरवतो आणि तो मागून येतो’ असे अगदी पाठ्यपुस्तकातल्या शब्दांत सांगत होता!

ग्रिनिचचा मदतनीस

हा विषय शिकवताना आमचे सर पहिल्याच तासाला एक गोष्ट सांगत. इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मास्कलाइन हे राजज्योतिषी होते आणि डेव्हिड किनब्रुक नावाचा तरुण त्यांचा मदतनीस होता. दुर्बिणीतल्या उभ्या तारेमागून तारा सरकला की त्या क्षणाची वेळ नोंदवायची, हे काम. डोळा ताऱ्यावर आणि कान घड्याळाच्या ठोक्यावर ठेवून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने काढायचा. १७९५ साली मास्कलाइन यांच्या लक्षात आले की किनब्रुकच्या नोंदी आपल्यापेक्षा अर्धा सेकंद उशिराच्या येतात. त्यांनी समज दिली. किनब्रुकने सुधारण्याचा प्रयत्न केला, पण १७९६ च्या जानेवारीत फरक वाढून ०.८ सेकंद झाला. त्याच वर्षी त्याला कामावरून काढले. १८०२ साली, तिशीतच, तो वारला.

पुढे जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी ही नोंद वाचली आणि त्यांना वेगळीच शंका आली. त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर नामांकित निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यांच्यातही फरक निघाले, काही तर सेकंदाहून मोठे. म्हणजे किनब्रुक आळशी किंवा निष्काळजी नव्हता. डोळ्याने पाहणे, कानाने ऐकणे आणि दोहोंचा मेळ घालणे याला प्रत्येक माणसाला वेगळा वेळ लागतो. या फरकाला ज्योतिषशास्त्रात ‘व्यक्तिगत समीकरण’ असे नाव पडले आणि माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळ मोजण्याचे शास्त्र यातूनच वाढले. किनब्रुकला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

सरांना त्या गोष्टीतून एवढेच सांगायचे असे की विलंब दिसला तर आधी तो कुठे आहे ते मोजा, मग बोट दाखवा. परीक्षेत हा मुद्दा मी नीट लिहिला असावा. घरी विसरलो.

लाकडाची डबी

माउसचा जन्म झाला तो हाताला आणि डोळ्याला जवळ आणण्यासाठीच. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस बनवला. लाकडाची एक डबी, खाली एकमेकींना काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दिले. त्याच वर्षी जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीने चाकांऐवजी गोळी असलेले तसेच उपकरण बाजारात आणले होते. गणपतीबाप्पाचे वाहन आणि संगणकाचे वाहन एकच, हा विनोद आपल्या मंडळांत दर गणेशोत्सवात होतो. पण शेपटीसारखी तार पाहून हे नाव देणाऱ्या अमेरिकन मंडळींना बाप्पाची कल्पना नसावी!

१९७८ साली कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी माउस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की माउस वापरताना वेग अडतो तो उपकरणामुळे नाही, तर माणसाच्या डोळा-हाताच्या मर्यादेमुळे. उपकरण इतके चांगले की दोष उरला तर माणसाचा. माझ्या मते माझ्यासारख्या बापांची समजूत इथून सुरू होते.

पण प्रयोगशाळेतला माउस आणि बाजारातला माउस यांत फरक होता. मायक्रोसॉफ्टचा पहिला माउस १९८३ साली आला. त्या काळचे माउस संगणकाच्या सीरियल जोडणीतून सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने बोलत. हात कुठे गेला याची खबर त्यामुळे सेकंदाला जेमतेम चाळीस वेळा पोहोचे, म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी एकदा. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) १९८७ साली आयबीएमने आणलेल्या गोल पिनच्या जोडणीत हे प्रमाण साधारण शंभरावर गेले. मग १९९६ च्या जानेवारीत यूएसबी आली. तिच्या शिल्पकारांपैकी एक अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. यूएसबीवर माउस आपणहून बोलत नाही, संगणक त्याला ठराविक वेळाने ‘काही हालचाल?’ असे विचारतो. सर्वसाधारण माउसला तो सेकंदाला १२५ वेळा विचारतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेम खेळणाऱ्यांसाठीचे माउस आज सर्रास हजार वेळा उत्तर देतात.

सांगलीचा क्लास

या प्रवासात एक टप्पा माझ्या डोळ्यांदेखत गेला. १९९४ साली मी सांगलीत एका संगणकाच्या क्लासला जात असे. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि एका संगणकावर तीन मुले. गोळीवाला माउस. आमच्यातल्या एकाला पेंटब्रशमध्ये सरळ रेघ काही काढता येत नसे. बाण अडकायचा, मग एकदम उडी मारायचा. शिकवणारे सर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझ्या हातात कंप आहे का रे?” वर्गाला हसू आवरेना. मीही हसलो.

आठवडाभराने क्लासच्या शिपाईमामांनी माउस उलटा केला, खालची चकती फिरवून गोळी काढली आणि आतल्या रुळांवर बसलेली काळी वळकटी नखाने खरवडून काढली. धूळ, घाम आणि टेबलावरच्या कापडाचे तंतू! गोळी घसरत होती आणि रूळ फिरत नव्हता. त्या मुलाची रेघ दुसऱ्या दिवशी सरळ आली. पण तो तोवर क्लास सोडण्याच्या बेतात होता. सरांनी आपले शब्द मागे घेतल्याचे मला आठवत नाही.

गोळीचा हा त्रास कायमचा संपला तो प्रकाशावर चालणाऱ्या माउसमुळे. तसे १९८० सालीच झेरॉक्समध्ये रिचर्ड लायन आणि एमआयटीत स्टीव्ह कर्श यांनी, एकमेकांना न कळता, असे माउस बनवले होते, पण त्यांना खास छापलेली पाटी लागे. कोणत्याही टेबलावर चालणारा, छोट्या कॅमेऱ्याने पृष्ठभागाची चित्रे टिपणारा माउस १९९९ साली मायक्रोसॉफ्टने घरोघर पोहोचवला आणि गोळी खरवडण्याची विद्या अस्तंगत झाली.

कुवेतचा ‘सखर’

मग प्रश्न असा की, माउस इतका सुधारला तर विलंब जायला हवा होता. तो गेला का नाही? याचे उत्तर मला इथेच, कुवेतमध्ये मिळाले.

आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ कुवेती सहकारी मुलाची तक्रार ऐकून हसले आणि म्हणाले, “आमच्या सखरमध्ये असे काही नव्हते.” सखर म्हणजे अरबीत खडक. १९८२ साली मोहम्मद अल शारिख या कुवेती उद्योजकाने आपल्या अल आलमिया कंपनीतर्फे हा उद्योग सुरू केला. जपानमध्ये बनलेले एमएसएक्स जातीचे छोटे संगणक अरबी लिपी शिकवून त्यांनी अरब जगतात आणले. उजवीकडून डावीकडे लिहिणारा, अरबी कळफलक असलेला हा संगणक इथल्या एका पिढीचा पहिला संगणक ठरला. मुलांनी त्यावर बेसिक शिकले आणि त्याहून जास्त वेळ गेम खेळले. २ ऑगस्ट १९९० च्या इराकी आक्रमणानंतर आपल्यातल्या अनेक जुन्या कुटुंबांना अम्मानमार्गे मायदेश गाठावा लागला, तसे सखरलाही कुवेत सोडून कैरोत बस्तान हलवावे लागले. पुढे ती कंपनी अरबी भाषेच्या सॉफ्टवेअरसाठी नावाजली. अल शारिख २०२४ च्या मार्चमध्ये वारले.

सहकाऱ्यांनी त्यांच्या दिवाणियात आम्हा बापलेकांना बोलावले आणि जपून ठेवलेला सखर जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला जोडला. चहा आला, खजूर आले. मुलाने जॉयस्टिक हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बाबा, हा लगेच ऐकतो!”

खरे होते, हात आणि चित्र यांत मला फट दिसेना. कारण पाहा. त्या संगणकाचा मेंदू सेकंदाला पस्तीस लाखांच्या आसपास ठोके देणारा, आजच्या मानाने गोगलगाय. पण तो चित्राच्या ठेक्यावर चाले. इथल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा रंगते. तेवढ्याच वेळा तो जॉयस्टिककडे बघे आणि पुढच्या रंगवणीत बदल दाखवी. टीव्हीही साधा होता. तारेतून संकेत आला की त्याच क्षणी किरण काचेवर उमटे, साठवून ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

आजचे उलट आहे. माउस हजार वेळा बोलतो, पण त्याची बातमी पुढे हाताहाताने जाते. गेमचा प्रोग्राम ती पुढच्या चित्रासाठी राखून ठेवतो. ग्राफिक्स कार्डापुढे तयार होणाऱ्या चित्रांची रांग असते, ती तीन चित्रांची झाली तर सेकंदाला ६० चित्रांच्या हिशोबाने ५० मिलिसेकंद तिथेच गेले. पडदा चित्र फाटू नये म्हणून ठेक्याची वाट बघायला लावतो, त्याला व्ही-सिंक म्हणतात. आणि शेवटी सपाट टीव्ही अख्खे चित्र पोटात घेऊन त्याचा रंग, धार आणि हालचाल सुधारत बसतो. सिनेमा पाहताना हे कळत नाही, कारण आवाजही तेवढाच उशिरा सोडतात. हातात माउस असला की कळते.

२०१७ साली डॅन लू या अभियंत्याने वेगवान कॅमेऱ्याने जुने-नवे संगणक मोजले. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत १९८३ च्या ॲपल टू-ई ला ३० मिलिसेकंद लागले आणि बऱ्याच नव्या यंत्रांना त्याच्या कितीतरी पट. त्याआधी २०१२ साली ‘क्वेक’ गेमचे कर्ते जॉन कारमॅक यांनी अशीच तक्रार केली होती, की आपण युरोपात संदेश पाठवला तर तो समोरच्या पडद्यावर एक ठिपका उमटायच्या आत पोहोचतो. म्हणजे विलंब नाहीसा झालेला नाही. तो माउसमधून निघून पडद्यात राहायला गेला आहे. आपण मात्र अजून हाताकडेच बघतो.

मोजमाप

दिवाणियातून परतल्यावर आम्ही दोघे टीव्हीसमोर बसलो. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रांवर लावला, म्हणजे एक चित्र साधारण ४.२ मिलिसेकंदांचे. चौकटीत हात आणि टीव्ही दोन्ही येतील असा तो टेकवला. मुलाने माउसला झटका द्यायचा आणि मग एकेक चित्र पुढे सरकवत, हात हलल्यापासून पडद्यावरचे दृश्य हलेपर्यंतची चित्रे मोजायची. आधी नेटची तार काढून एकट्याच्या सरावात मोजले. फरक पडला नाही. बहुतेक नेमबाजीच्या गेममध्ये आपली मान आपल्याच संगणकावर वळते, नेटमुळे गोळी उशिरा लागेल पण माउस जड होणार नाही. केबलचा संशय तिथेच फिटला.

पहिले मोजमाप ३८ चित्रे. म्हणजे १५८ मिलिसेकंद.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सापडला. तो लावल्यावर टीव्हीने चित्र सजवणे सोडले आणि आकडा २१ वर आला, सुमारे ८८ मिलिसेकंद. गेममधला व्ही-सिंक बंद केला तेव्हा १४, म्हणजे ५८. तरी मधूनच एक गचका बसत असे. तो माउसच्या बिनतारी रिसीव्हरचा निघाला. रिसीव्हर संगणकाच्या मागे, यूएसबी-३ च्या हार्ड डिस्कच्या शेजारी खोचलेला होता. ही जोडणी बिनतारी माउसच्याच लहरींत गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ सालीच दाखवून दिले आहे. दोन हातांची एक वायर लावून रिसीव्हर टेबलावर आणला आणि गचका गेला. विंडोजमधली ‘पॉइंटर प्रिसिजन’ची खूणही काढून टाकली. तिच्यामुळे हाताच्या वेगाप्रमाणे बाण कमीजास्त धावतो. तो विलंब नव्हे, पण हाताला अंदाज बांधू देत नाही.

कोणी म्हणेल, सेकंदाच्या जेमतेम सहाव्या भागाने काय होते? कुवेतमधल्या कोणाही गृहस्थाने उन्हाळ्यात शॉवरखाली उभे राहून पाहावे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी चटका देते, आपण गीझरची चावी फिरवतो, काही होत नाही, आणखी फिरवतो, मग भलतेच पाणी येते, की पुन्हा उलट. चूक हाताची नसते. परिणाम उशिरा दिसतो म्हणून हात जास्त करतो. कॅनडातल्या मॅकेन्झी आणि वेअर या संशोधकांनी १९९३ साली हेच माउसवर मोजले. २२५ मिलिसेकंदांचा विलंब घातल्यावर ठिपक्यावर नेम धरायला लोकांना ६४ टक्के जास्त वेळ लागला आणि चुका तिपटीहून अधिक झाल्या. माणसे तीच, हात तेच.

हे आकडे मी मुलाला दाखवले. त्याने ते नीट वाचले आणि विचारले, “मग त्या किनब्रुकला परत कामावर घेतले का?” मी नाही म्हणालो. “पण तुम्ही मला सॉरी म्हणू शकता,” तो म्हणाला. मी म्हणालो. आमच्या वडिलांनी मला कधी म्हटले नव्हते, त्यामुळे जरा जड गेले, पण १५८ मिलिसेकंदांपेक्षा फार जास्त वेळ लावला नाही.

ज्यांच्या घरी अशी तक्रार असेल त्यांच्यासाठी क्रम सांगून ठेवतो. आधी नेट काढून पाहा. मग टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड, नंतर व्ही-सिंक, नंतर बिनतारी रिसीव्हरची जागा, आणि सगळ्यात शेवटी माउस. हवाल्लीच्या इब्न खाल्दून रस्त्यावर जाऊन महागडा माउस घेण्याचे काम शेवटचे आहे, पहिले नाही. दर पायरीनंतर मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

चिरंजीव आता शुक्रवारी पुन्हा टीममध्ये आहेत. अजूनही बऱ्याचदा हरतात. परवा हरल्यावर मी मुद्दाम विचारले, “काय, माउस जड झाला?” तो म्हणाला, “नाही बाबा, माउस बरोबर आहे. मीच घाई केली.” अंगण सरळ करून घेतल्याशिवाय हे वाक्य त्याला म्हणता आले नसते, आणि मला ते ऐकण्याचा हक्कही नव्हता.